कॅन्सरची जनुकीय तपासणी, कोल्हापुरातून: कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

कॅन्सरची जनुकं तपासणाऱ्या ज्या कंपनीशी आमची गाठ पडली तिचं नाव लिहिणार नाही. तिच्यासारख्या आणखी आहेत, आणि दवाखान्याच्या बाकावर भेटलेल्या लोकांशी बोलल्यावर कळलं की सगळ्यांची गाऱ्हाणी एकाच जातीची असतात. शिवाय या सगळ्यात जिनं मनापासून काम केलं ती काउन्सेलर, म्हणजे रिपोर्ट समजावून सांगणारी, मुलगी अजून तिथंच नोकरीला आहे. तेव्हा नाव राहू दे, सेवा कशी आहे ते सांगतो.

कोल्हापुरात कंपनीचं स्वतःचं काही नाही. गावातल्या एका पॅथॉलॉजी लॅबशी करार आहे. नमुना तिथं नेऊन द्यायचा किंवा त्यांचा माणूस घरी येऊन घेतो, तो कुरियरनं मोठ्या शहरातल्या मुख्य लॅबला जातो आणि रिपोर्ट मेलवर येतो. पैसे आधी, आणि पूर्ण. घासाघीस होते, हे मला नंतर कळलं, तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

पेशंट माझी आक्का. राहायला कसबा बावड्यात. अंडाशयाचा कॅन्सर, हाय-ग्रेड सिरस म्हणतात त्या झपाट्यानं वाढणाऱ्या प्रकारचा, तिसरी स्टेज. आधी केमो, मग ऑपरेशन, मग राहिलेली केमो. ऑपरेशन झाल्यावर ऑन्कोलॉजिस्ट मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलं: बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन जनुकं, मोठ्या डिलीशन-ड्युप्लिकेशनसह, म्हणजे जनुकाचा मोठा तुकडा गळालाय किंवा दुबार झालाय का तेही बघायचं. आणि तोंडी बजावलं, "रिपोर्ट केमो संपायच्या सुमाराला हातात पाहिजे." कारण पॉझिटिव्ह आला तर त्यापुढची गोळी शेवटच्या केमोनंतर आठ आठवड्यांच्या आत चालू करायची असते. ज्या मोठ्या चाचणीवर हा उपचार उभा आहे, तिच्यात तसंच केलं होतं.

माझ्याबद्दल एवढंच की मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. टेस्ट सर्टिफिकेट वाचणं, नमुन्याचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर जुळतो का बघणं, यातच माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. डॉक्टरी मला कळत नाही. रिपोर्ट कळतो.

चिठ्ठी घेऊन लॅबमध्ये गेलो तर काउंटरवरून कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लागला आणि तो तासाभरात हजर. इस्त्रीचा शर्ट, टॅबलेट, गुळगुळीत ब्रोशर. ब्रोशरवर मोठ्या अक्षरात: तुमच्या कॅन्सरची कमजोरी आम्ही शोधून काढतो. "सर, मॅडमनी दोनच जनुकं लिहिलीत, पण आपल्याकडं पाचशेच्या वर जनुकांचं पॅनेल आहे. एकाच टेस्टमध्ये सगळं क्लिअर." दाजी सोबत होते. साखर कारखान्यातून रिटायर झालेला सरळ माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मग हेच करूया की. पैशाचं मी बघतो."

घरात आजार असला की माणूस असाच बोलतो, आणि ब्रोशर लिहिणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या एका वाक्याजवळ जरा थांबतो.

कॅन्सरच्या पेशीची कमजोरी शोधणं हे काम जगात खरोखर चाललंय. पण ते तुमच्या-माझ्या नमुन्यावर होत नाही, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर होतं. क्रिस्पर नावाचं तंत्र वापरून पेशीतली हजारो जनुकं एकेक करून बंद पाडायची आणि कुठलं बंद केलं की पेशी मरते त्याची नोंद करायची. जे जनुक गेलं तरी निरोगी पेशीचं भागतं, पण कॅन्सरच्या पेशीचं भागत नाही, ते औषधासाठी धरायचं. ब्रिटनच्या वेलकम सँगर इन्स्टिट्यूटनं २०१९ मध्ये ३० प्रकारच्या कॅन्सरच्या ३२४ सेल लाइनींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढत ठेवलेल्या पेशींच्या वाणांवर, हे करून निकाल प्रसिद्ध केले. अमेरिकेत ब्रॉड इन्स्टिट्यूटचा डिपेंडन्सी मॅप आहे, त्याचा डेटा कुणालाही फुकट बघता येतो. मी उघडून बघितला, डोकं भणाणलं, बंद केला. त्याच २०१९ मध्ये या दोन्हीकडच्या कामातून एकच गोष्ट पुढं आली. आतड्याच्या, जठराच्या, गर्भाशयाच्या काही कॅन्सरमध्ये डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची एक यंत्रणा बिघडलेली असते, त्यातून डीएनएत जी अस्थिरता येते तिला एमएसआय म्हणतात. अशा पेशींना डब्ल्यूआरएन नावाचं जनुक बंद पडलं की जगता येत नाही. बाकीच्या पेशींना त्याचं काही वाटत नाही. इतकी नेमकी जागा सापडली, तरी तिच्यावरची औषधं अजून पेशंटवरच्या चाचण्यांत आहेत. काउंटरवर मिळत नाहीत.

कंपनी यातलं काही करत नाही. ती तुमच्या गाठीतली किंवा रक्तातली जनुकं वाचते आणि आधीच माहीत असलेल्या यादीशी ताडून बघते. यादीतलं काही निघालं आणि त्याला औषध असलं, तर उपयोग. काम मोलाचं आहे, मी कमी लेखत नाही. पण 'शोधून काढतो' म्हणून पाचशे जनुकांचे पैसे मागायचे आणि त्यातल्या बहुतेकांना आज औषधच नाही हे सांगायचं नाही, याला आमच्याकडं पार्टीला गंडवणं म्हणतात.

कुठल्या कॅन्सरला मोठं पॅनेल लागतं हे आजारावर आहे. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमा या प्रकारात बिघडू शकणारी जनुकं बरीच: ईजीएफआर आहे, आल्क आहे, रॉस आहे, केरासचा एक प्रकार आहे, प्रत्येकाची गोळी वेगळी. तिथं एकदम सगळं बघणं शहाणपणाचं, कारण एकेक तपासत बसलं तर बायोप्सीचा तुकडाच संपतो. सीएमएल या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बीसीआर-एबीएल हा एकच दोष, त्यावर इमॅटिनिब २००१ पासून आहे. आक्काच्या बाबतीत मॅडमना विचारलं, "मोठं पॅनेल केलं तर तुम्ही आत्ता वेगळं काय कराल?" त्या म्हणाल्या, "आत्ता? काही नाही. मला बीआरसीए कळू दे. ते निगेटिव्ह आलं तर एचआरडी करू, म्हणजे गाठीतली डीएनए सांधायची यंत्रणाच बिघडलीय का ते बघू." हा प्रश्न प्रत्येकानं पैसे भरायच्या आधी आपल्या डॉक्टरांना विचारावा. दाजींचे पैसे त्या एका उत्तरानं वाचले. दोन जनुकांची तपासणी पाच आकड्यांत होते, मोठं पॅनेल सहा आकड्यांच्या उंबरठ्यावर होतं.

आता बीआरसीए बिघडलेलं असणं पेशंटला सोयीचं कसं, हे आक्काला सांगणं माझ्याकडं आलं. ती बावड्याची, त्यामुळं २०१९ चा महापूर तिला सांगावा लागत नाही. एरवी एखादा रस्ता बंद पडला तर गाड्या दुसरीकडनं वळतात, गावाला पत्ताही लागत नाही. त्या वर्षी शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, बाकीचेही रस्ते गेले, आणि दूध, पेट्रोल, भाजी, सगळ्याची बोंब झाली. पेशीतला डीएनए रोज तुटत असतो आणि तो सांधायचे रस्ते एकाहून जास्त असतात. बीआरसीएचा रस्ता मोठ्या तुटीसाठी, पार्प नावाच्या प्रथिनाचा रस्ता छोट्या तुटीसाठी. आक्काच्या गाठीत बीआरसीएचा रस्ता आधीच वाहून गेलेला. आता औषधानं पार्पचा अडवला की गाठीची कोंडी. निरोगी पेशीत बीआरसीएची एक चांगली प्रत शिल्लक असते, तिचा रस्ता चालू राहतो.

आक्का म्हणाली, "म्हंजे माझा एक रस्ता बंद हाय आणि हे दुसराबी बंद करणार?"

"तुझा न्हाई आक्का, त्या गाठीचा."

"मग करू देत की."

खरं तर औषध पार्पला नुसतं थांबवत नाही. ते त्याला डीएनएवरच अडकवून ठेवतं, आणि पेशी डीएनएची नक्कल करायला गेली की तिथं दोन्ही धागे तुटतात. ती तूट सांधायला नेमकं बीआरसीएच लागतं. २००५ मध्ये 'नेचर'मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी हे एकाच वेळी दाखवलं, एका गटात ॲलन ॲशवर्थ, दुसऱ्यात थॉमस हेलेडे. कल्पनेचं मूळ त्याहून जुनं आहे: एकेक दोष असलेल्या फळमाश्या जगतात, दोन्ही दोष एकत्र आले की मरतात, हे माश्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपलं होतं. औषधाला, ओलापॅरिबला, अमेरिकेत मान्यता मिळाली डिसेंबर २०१४ मध्ये. माशी ते गोळी, मध्ये एवढी वर्षं. मला हे वाचताना फार बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

आता सेवा.

पहिल्यांदा त्यांनी ब्लॉक मागितला. ब्लॉक म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा फॉर्मेलिनमध्ये ठेवून, मग मेणात बसवून जपलेला असतो तो. प्लॅस्टिकची छोटी चौकट, तिच्यावर पांढरं मेण, मेणात नखाएवढा करडा डाग आणि कडेला पेन्सिलनं लिहिलेला नंबर. इतकीशी वस्तू, पण सगळा उपचार तिच्यावर. ज्या लॅबनं बायोप्सी तपासली तिथं अर्ज आणि ओळखपत्र दिलं की ब्लॉक मिळतो, सही करून घ्यायचा, काम झालं की परत आणून द्यायचा.

पण एका ऑपरेशनचे ब्लॉक बरेच असतात. कुठल्यात गाठीचा भाग जास्त आहे हे पॅथॉलॉजिस्टलाच ठाऊक. खिडकीवरच्या माणसानं हाताला लागला तो दिला. त्यात आक्काचं ऑपरेशन केमोनंतरचं, म्हणजे गाठीतल्या पुष्कळ पेशी आधीच मेलेल्या. केमोच्या आधीच्या बायोप्सीचा ब्लॉक जास्त चांगला ठरला असता, तो दुसऱ्या दवाखान्यात होता. हे कंपनीनं विचारायला हवं होतं. त्यांच्या फॉर्मवर पेशंटची उंची-वजन विचारलंय, मेल आयडी दोनदा विचारलाय, पण नमुना केमोआधीचा की केमोनंतरचा, हा रकानाच नाही.

ब्लॉक गेला. ट्रॅकिंगवर 'प्रोसेसिंग' दिसत राहिलं. केमोची पुढची तारीख जवळ आली तरी प्रोसेसिंगच. शेवटी मी फोन केला, तीन माणसं बदलली, चौथ्यानं सांगितलं, "सर, टिश्यू अपुरा आहे, टेस्ट होऊ शकत नाही." कधी कळलं हे तुम्हाला? तर बरेच दिवस झाले होते. मग कळवलं का नाही? "सर, सिस्टीममधून मेल जायला पाहिजे होता."

माझं फौंड्रीतलं डोकं इथं तापलं. नमुना नापास झाला तर पार्टीला त्याच संध्याकाळी फोन जातो, मग ती पार्टी चार नटांची का असेना. इथं माणसाच्या गोळीची तारीख अडकलेली. कंपनीला माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच, आणि मी लेखी दिली आहे.

मॅडमना सांगितलं तर त्या शांत. "रक्त द्या. वडिलोपार्जित दोष असेल तर रक्तात दिसणारच. रक्तात नाही निघालं तर केमोआधीचा ब्लॉक मागवू." म्हणजे दोन वाटा आहेत हे ध्यानात घ्या: रक्तात सापडलेला दोष जन्मापासूनचा, अंगातल्या प्रत्येक पेशीत असलेला, तो घराण्यात इतरांनाही असू शकतो. फक्त गाठीत सापडलेला दोष त्या गाठीपुरता. गोळी दोन्हींवर चालते. पण घरच्यांना पुढं काय करायचं ते वेगवेगळं.

रक्त घ्यायला पोरगा आला तेव्हा पावसानं ताळ सोडला होता. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांच्या इशारा पातळीला टेकत होती आणि बावड्यात लोक घरातलं सामान वर चढवायच्या तयारीत. जांभळ्या टोपणाची ट्यूब, त्यावर नाव, वय, तारीख, वेळ. त्यानं आक्कालाच नाव विचारलं आणि ट्यूबवरचं वाचून दाखवलं. माझ्या नजरेतून हे सुटत नाही, पोरगा शिकलेला होता. मी म्हटलं, "बाबा, शिरोलीला रस्ता बंद झाला तर हे रक्त इथंच राहील." तो म्हणाला, "काका, कुरियरची वाट बघत नाही. आज रातच्या गाडीनं पाठवतो, पोहोचलं की तुम्हाला फोटो टाकतो." आणि खरंच टाकला. कंपनीच्या ॲपवर त्या वेळीही 'नमुना प्रतीक्षेत' असंच होतं.

रिपोर्ट सांगितलेल्या मुदतीत आला. भरपूर पानांचा. कामाची ओळ पहिल्याच पानावर चौकटीत होती, हे चांगलं: बीआरसीए-१, सी.६८_६९डेल, पॅथोजेनिक, म्हणजे आजाराला कारण ठरणारा दोष. त्या जनुकातली ६८ आणि ६९ क्रमांकाची दोन अक्षरं, ए आणि जी, गळाली आहेत. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळं दोन गळाली की तिथून पुढची सगळी विभागणी सरकते, थोड्याच अंतरावर 'थांबा'ची खूण येते आणि प्रथिन अर्धवट राहतं. एवढ्या मोठ्या पोथीत दोन अक्षरं.

घोळ इथं झाला. मॅडमच्या कागदावर याच दोषाला १८५डेलएजी लिहिलेलं, रिपोर्टवर ६८_६९. दाजींना वाटलं दोन दोष निघाले. दोन्ही एकच. जुन्या पद्धतीत मोजणी वेगळ्या जागेपासून धरायचे, नव्यात प्रथिनाचा मजकूर सुरू होतो तिथून. हा दोष अश्केनाझी, म्हणजे मूळच्या मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यू लोकांत पूर्वीपासून माहीत आहे, भारतातल्या कुटुंबांतही सापडलेला आहे. कंपनीनं रिपोर्टवर कंसात जुनं नाव टाकलं असतं तर आमची एक रात्र वाचली असती. ज्या डॉक्टरांनी जुनी पुस्तकं वाचून करिअर केलं, त्यांच्यासाठी तरी टाका.

नंबर जुळवले. वयाच्या जागी चुकीचा आकडा होता. मेल केला, त्याच दिवशी सुधारून आला. श्रेय देतो.

दुसरी ओळ खाली होती. एटीएम नावाच्या जनुकात एक बदल, 'महत्त्व अनिश्चित'. आम्ही दोनच जनुकं मागितली होती. त्यांनी तेवढ्याच पैशात वंशपरंपरेच्या कॅन्सरचं मधलं पॅनेल चालवलं आणि हे जास्तीचं निघालं. फुकट मिळालं म्हणून खूश होऊ नका. हा बदल घातक आहे की निरुपद्रवी, हे आज कुणालाच माहीत नाही आणि त्याच्यावरून काहीही उपचार करायचे नसतात. पॅनेल जितकं मोठं, तितक्या अशा ओळी जास्त. त्यात जगातले जनुकांचे साठे बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांचे, त्यामुळं आपल्याकडच्या साध्या बदलांवरही 'अनिश्चित'चा शिक्का जास्त पडतो. आमच्या वहिनीनं मात्र तेवढीच ओळ धरली आणि दोन दिवस घरात सुतक.

शेवटची पानं औषधांच्या यादीची. स्तन, प्रोस्टेट, स्वादुपिंड, सगळ्यांची. आक्काला लागू असलेलं त्यात शोधायला लागतं. पानं वाढवायला घातलीत, दुसरं काही नाही.

या सगळ्या व्यवहारात पैसे वसूल झाले ते काउन्सेलिंगला. पहिला व्हिडिओ कॉल हिंदी-इंग्रजीत झाला, आक्का मान डोलवत होती आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "काय म्हणत हुती गं बाई ती?" मी कंपनीला कळवलं, मराठी माणूस द्या. दिला. आवाजावरून पंचविशीतली मुलगी, बोलणं सातारा-सांगलीकडचं. तिनं रिपोर्ट बाजूला ठेवायला सांगितला आणि आक्काला विचारलं, "मावशी, तुमच्या माहेरी कोण कोण होतं?" स्क्रीनवर ती आकृती काढत गेली. बाईला गोल, पुरुषाला चौकोन, गेलेल्या माणसावर तिरकी रेघ, कॅन्सर झालेल्याला काळा रंग. आईकडचं सगळं सरळ. मग वडिलांकडं वळली.

आक्का म्हणाली, "आत्या लवकर गेली. पोटात पाणी झालं हुतं. मिरजेला नेऊन काढून आणलं, पुन्हा झालं."

मुलगी जरा थांबली. मग विचारलं, "किती वय होतं त्यांचं?" चाळिशीच्या आत-बाहेर. तिनं आत्याच्या गोलावर प्रश्नचिन्ह टाकलं आणि आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, चौकोनात एक ठिपका. अण्णा हार्टनं गेले, त्यांना कॅन्सर कधी झाला नाही. पण दोष त्यांच्यातून खाली आला असण्याची शक्यता जास्त. 'बायकांचा आजार' म्हणून आमच्या घरात कधी वडिलांकडचं कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांच्या फॉर्मवरही 'आईला, मावशीला, बहिणीला?' एवढंच असतं.

मग ती माझ्याकडं वळली. भावंडांना प्रत्येकाला निम्मी शक्यता, आणि तपासणी आता सोपी: सगळं जनुक वाचायला नको, ती एकच जागा बघायची. ती बरीच स्वस्त असते, आणि इथं कंपनीनं फसवलं नाही, दर खरंच कमी लावला. धाकट्या भावाचा निगेटिव्ह आला. त्याच्या पोरांना आता याच्यासाठी काही तपासायची गरज नाही, ती फाईल बंद. माझा पॉझिटिव्ह. पुरुषाला काय करायचं? छातीत गाठ लागली तर हसण्यावारी न्यायची नाही, प्रोस्टेटची रक्ततपासणी डॉक्टरांशी बोलून ठरवायची. बीआरसीए-२ मध्ये पुरुषांना धोका जास्त, १ मध्ये त्या मानानं कमी. मला दोन मुली आहेत. थोरली शिवाजी विद्यापीठात आहे, तिनं रिपोर्ट वाचला आणि विचारलं, "माझी कधी करायची?" काउन्सेलरनं सांगितलं, तुझं तू ठरवायचं, घाई नाही, बाबांनीही ठरवायचं नाही. दोष निघालाच तर स्तनांची एमआरआय साधारण पंचविशीपासून, आणि मुलंबाळं झाल्यावर ३५ ते ४० च्या दरम्यान अंडाशय-नळ्या काढण्याचा विचार. बीआरसीए-१ मध्ये हयातभरात अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका शंभरात चाळिसाच्या वर जातो, स्तनाचा सत्तरच्या आसपास. आकडे ऐकून मुलगी गप्प झाली, पण तिला खरे आकडे मिळाले.

गडहिंग्लजच्या आत्तेबहिणीला फोन केला. तिनं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "दादा, पोरीचं बघाबघी चाललीय. असल्या कागदावर तिचं नाव नको." मी पुढं बोललो नाही. काउन्सेलरनं मात्र एक चांगलं केलं: नातेवाइकांना देण्यासाठी मराठीत एक पानी पत्र पाठवलं, त्यात आक्काचं नाव नाही, नुसता दोष आणि कुठं तपासायचं ते. ते मी आत्तेबहिणीला पाठवून ठेवलंय.

गोळी चालू झाली ती वेळेत. १५० मिलिग्रॅमच्या दोन सकाळी, दोन रात्री, बेत दोन वर्षांचा. भारतीय कंपन्यांची मिळते आता, म्हणून परवडते. जनुकांच्या तपासणीचे पैसे विमा कंपनीनं दिले नाहीत, ॲडमिट नव्हतो म्हणून. औषधाच्या ज्या मोठ्या चाचणीवर हे उभं आहे तिचे आकडे मॅडमनी दाखवले: बीआरसीए-दोष असलेल्या ३९१ बायका, २०१८ मध्ये निकाल, आजार उलटण्याचा किंवा मरणाचा धोका ७० टक्क्यांनी कमी. सात वर्षांनी गोळीवाल्या गटात ६७ टक्के हयात, औषध नसलेली, दिसायला तशीच गोळी घेणाऱ्या गटात साडेसेहेचाळीस. मॅडमनी दुसरी बाजूही लपवली नाही. काही गाठी हुशार होतात: त्याच जनुकात आणखी एक बदल होऊन सरकलेली अक्षरं पुन्हा जागेवर येतात, रस्ता दुरुस्त होतो आणि गोळी चालेनाशी होते. आणि फार थोड्यांना, पण रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, दर महिन्याला, चुकवायची नाही.

आक्काचं हिमोग्लोबिन सुरुवातीला चांगलंच उतरलं, काही दिवस गोळी थांबवली, मग डोस कमी करून पुन्हा सुरू. मळमळ आहे. ग्रेपफ्रूट खायचं नाही असं गोळीच्या माहितीपत्रकात असतं. मॅडमनी पपनसही बंद केलं. गणपतीत नैवेद्याच्या ताटातलं पपनस सोलून सगळ्यांना वाटायचं काम आक्काचं असतं. यंदा तिनं वाटलं, आणि हात धुऊन चहा प्यायली. कमरेवर हात ठेवून वहिनीला सूचना देण्याइतका दम आहे तिच्यात सध्या.

गुण द्यायचे तर: काउन्सेलिंगला पाचपैकी पाच, पण मराठीत मागून घ्या, आपणहून देत नाहीत. रक्त घेणाऱ्या पोराला पाच. रिपोर्टला साडेतीन. ब्लॉकच्या हाताळणीला एक, तोही ब्लॉक अखंड परत आला म्हणून. विक्रीच्या बोलण्याला शून्य. ब्लॉक देताना पॅथॉलॉजिस्टकडून लेखी घ्या, या ब्लॉकमध्ये गाठ किती टक्के आहे आणि तो केमोआधीचा की नंतरचा. कंपनीला आधी विचारा, नमुना नापास झाला तर कोण, कुठल्या नंबरवरून, किती वेळात कळवणार, आणि पैशाचं काय. आम्हाला नापास ब्लॉकचं प्रोसेसिंग शुल्क परत करतो म्हणून मेल आलाय. पैसे आलेले नाहीत. आले की एकाचे दीड करीन.